डाव्या हाताचं म्हणणं

१

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका चादरींच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाईक पटवतोय. आमच्या एका चादरीवरून भरलेला ट्रक गेला होता. आत झोपलेला माणूस उठला, चादरीची घडी घातली आणि दुकानात येऊन आणखी दोन घेऊन गेला. हे ऐकलं की गिऱ्हाईक हसतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक तसंच परत जात नाही.

पण ही हकीकत वेगळी आहे. लिहून झाल्यावर मी ती समोरच्या पीरसाबना वाचून दाखवली. ते रिक्षांची सीट कव्हरं शिवतात आणि सगळी गल्ली बसल्या जागेवरून बघतात. वाचताना जिथं त्यांनी मशीन थांबवून माझ्याकडं पाहिलं, तिथं मी खोडलं. उरलंय ते हे.

शुक्रवार पेठेत माझ्या दोन खोल्या आहेत, पुढची आणि मागची. सुंदरम्माला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं होतील. एकुलती मुलगी सिद्धेश्वरी सांगोल्याला दिलीय. तेव्हा घरात मी एकटा. खोटं बोलायलासुद्धा समोर माणूस लागतं, "चला, काहीतरीच तुमचं" म्हणणारं. ती गेल्यापासून माझं खोटं घरात तसंच पडून राहतं, कुणी उचलत नाही.

श्रावणात दुकानात चक्कर येऊन पडलो. पाच दिवस दवाखान्यात काढले. चालणं ठीक, खाणं ठीक. बोलणं तर पहिल्यापेक्षा जास्त ठीक, असं मालक म्हणाले.

२

आम्ही लिंगायत. आमच्याकडं रोज अंघोळ झाली, कपाळाला विभूती लावली, की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. उजवा हात पाणी घालतो, बेल वाहतो. डाव्यानं फक्त धरायचं. वडिलांनी शिकवलं तेव्हापासून मी यात कधी चुकलो नाही.

दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी नजर स्थिर झाली आणि लिंग डोळ्यांसमोरून सरकलं.

सरकला होता हात. अगदी हळू, न सांडता, भरलेली वाटी बाजूला घ्यावी तसा तो डावीकडं गेला आणि तिथं थांबला. मी मान वळवून पाहिलं. हाताच्या पलीकडं मागची खोली दिसत होती. शेगडी चालू होती. वर भांडं नव्हतं. नुसती निळी ज्योत किती वेळ जळत होती कोण जाणे.

"मीच पेटवून ठेवलीय," मी मोठ्यानं म्हणालो, "हात शेकायला."

सोलापुरात, भाद्रपदाच्या उकाड्यात, हात शेकायला! हे असं कुणी शेंबडं पोरही म्हणणार नाही. पण म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मला ते पटलं. मी उठून शेगडी बंद केली आणि खरोखरच दोन्ही हात चोळले.

३

मग असं रोज काहीतरी व्हायला लागलं. मी नळ सोडून जायचो, डावा हात मागं राहून तो बंद करायचा. मी डाळीत दुसऱ्यांदा मीठ टाकायला जायचो, तो उजव्याचं मनगट धरायचा. आणि प्रत्येक वेळी मी त्याला एक कारण द्यायचो. पाण्याचं बिल वाढलंय. हाताला मुंग्या आल्यात. कारणं मला शोधावी लागत नव्हती, तयारच असायची.

एका सकाळी मी दुकानाला निघालो. उजव्या हातानं शर्टाची बटणं लावली, डाव्यानं खालून एकेक काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. घामाघूम झालो. शेवटी उघड्या शर्टानंच दारात आलो, तर समोरून पीरसाब ओरडले,

"क्या महेश्वरभाऊ, छाती दाखवायला कुठं निघालात?"

"उकडतंय लई. दुकानात जातोय."

"आज सोमवार की. तुमचं दुकान बंद असतंय."

मी हसलो. म्हणालो, मालकांनी खास बोलावलंय, मुंबईचा व्यापारी येणार आहे. व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्या टोपीचा रंगही सांगितला. पीरसाब मान डोलवत राहिले. मी सात रस्त्यापर्यंत गेलो, खाली ओढलेल्या शटरपुढं दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. वाटेत मला एक गोष्ट सारखी टोचत होती. सोमवार आहे हे मला माहीत नव्हतं. बटणं काढणाऱ्याला होतं.

४

डॉक्टर अनिसा मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि डाव्या हातात एक वस्तू ठेवली.

"काय आहे सांगा, काका."

"किल्ली," मी लगेच म्हणालो. "जुनी, पितळी. पेटीची असणार."

"बरं. आता हात या कापडाखाली घाला. खाली पाच वस्तू आहेत. मघाशी हातात होती ती काढून द्या."

हात गेला, चाचपडला आणि बाहेर आला. कंगवा होता. किल्ली त्या पाचांत नव्हतीच.

"हाताला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला नव्हतं."

मग त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. अक्रोडासारखे दोन भाग. डावा भाग उजवा हात चालवतो, उजवा भाग डावा हात. डावीकडचं दिसलेलंही आधी उजव्या भागाकडं जातं. बोलणं मात्र सगळं डाव्या भागात. मधे एक जाड पट्टा असतो, इकडचे निरोप तिकडं नेणारा. माझ्या पट्ट्याला रक्त मिळालं नव्हतं. मधला तुकडा वाळून गेला होता.

"म्हणजे मधले धागे तुटले," मी म्हणालो. "चादरीचे दोन भाग सुटे झाले."

"तसंच समजा. हात काहीतरी करतो, का केलं ते बोलणाऱ्या भागाला कळत नाही. पण 'मला माहीत नाही' असं तो म्हणत नाही. तो कारण तयार करतो. आणि ते त्याला स्वतःलाच खरं वाटतं."

"माझाच धंदा की हो हा!"

त्या हसल्या. "सगळ्यांचाच असतो, काका. तुमचा फक्त उघड्यावर आलाय. लक्ष ठेवायला माणूस पाहिजे मात्र. घरात कोण कोण असतं?"

"भरलेलं घर आहे," मी म्हणालो. "मुलगी, जावई, नात. बायकोच्या हाताखाली एक बाईही आहे कामाला."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. माझ्याकडं नाही, टेबलाकडं बघत होत्या. मीही पाहिलं. माझा डावा हात टेबलावर होता. त्याची चार बोटं मिटलेली होती आणि एकच बोट उभं होतं.

५

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून मी मागच्या खोलीत ताट घासत होतो. पुढच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं.

पुरुषाचा आवाज. घरचा, ओळखीचा. मधे थांबायचा, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखा, आणि मग "व्हय व्हय" म्हणून पुढं जायचा. मी नळ बंद केला. गल्लीत मशीनचा आवाज नव्हता, पीरसाब जेवायला गेले असणार. आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"बसा की. ती आत चहा टाकतेय. तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कुणी जात नाही आमच्याकडून."

मी ताट खाली ठेवलं. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात आलो. खोलीत कुणी नव्हतं. सतरंजीवर दोन कप समोरासमोर मांडलेले होते, रिकामे. आवाज चालूच होता आणि आता तो अगदी जवळून येत होता. माझे ओठ हलत होते.

माणसाला आपण बोलतोय हे कळलं की तो थांबतो. मला कळलं, आणि मी थांबलो नाही. "साखर कमी टाक गं," मी त्या रिकाम्या खोलीत सांगत होतो, "पाहुण्यांना गोड चालत नाही."

तेव्हा डावा हात वर आला आणि त्यानं माझं तोंड दाबलं.

दाबलं म्हणजे घट्ट. ओला, साबणाचा हात. मी उजव्यानं ओढला, निघेना. श्वास कोंडला. गुडघ्यावर आलो. आणि त्या तळहाताच्या आत माझे ओठ बराच वेळ हलत राहिले.

घाबरलो मी हाताला. हा एक दिवस जीव घेणार, असं वाटलं. तोंडाला घाबरायला हवं होतं, ते सुचलं नाही.

६

सिद्धेश्वरीचा, आमच्या सिद्धूचा, फोन आला.

"अप्पा, तब्येत कशी हाय? खरं सांगा."

"झकास. डॉक्टर म्हणाल्या, असा मेंदू पुस्तकात छापायला पाहिजे."

"छापतील की, इनोदी पुस्तकात." ती हसली. मग तिचा आवाज उतरला. सासूबाईंचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. दहा दिवस तिला आणि जावयांना तिथं राहावं लागणार होतं. चिन्नीला कुठं ठेवायचं कळत नव्हतं. चिन्नी म्हणजे माझी नात, साडेचार वर्षांची. "तुमच्याकडं ठेवू का? पण अप्पा, जमत असलं तरच सांगा. लेकराचा प्रश्न हाय. गोष्ट नको."

मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. शेगडीचं, सोमवारचं, दोन कपांचं. आणि त्याच वेळी माझ्या घरात दहा दिवस पायांचा धुडधुड आवाज येणार होता, कुणीतरी मला हाक मारणार होतं. दोन वर्षांत कुणी मला त्या घरात हाक मारली नव्हती.

मी तोंड उघडलं. डाव्या हातानं फोन बंद केला.

तिचा पुन्हा फोन आला. "काय झालं?"

"रेंज गेली. अगं, विचारतेस काय, आणून सोड! पीरसाबची सून आहे मदतीला, मी तर पहाटे पाचला उठून—"

हातानं फोन खेचला आणि गादीवर फेकला. मी उजव्यानं उचलला. "आण तिला," एवढंच म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी दुकानातला एक जुना टॉवेल फाडून डावा हात गळ्यात बांधला. कोपरापासून बोटांपर्यंत, घट्ट.

पुढच्या सकाळी लिंग उजव्या तळहातावर घेतलं. तसं घेत नाहीत. हात जराही हलला नाही. समोर बसून मी बघत होतो, पण मला कुणी बघतंय असं त्या दिवशी वाटलं नाही.

७

चिन्नी आली आणि घराला घरपण आलं. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या सगळ्या चादरी जमिनीवर पसरून समुद्र केला. मी तिला सांगितलं, तुझ्या आजीनं एकदा सिद्धेश्वर तळ्यातला मासा चिमट्यानं पकडला होता. ती म्हणाली,

"खोटं, अज्जा."

"खोटं का गं?"

"माशाला चिमटा दिसतोय की. तो पळंल."

मला रडूच यायचं बाकी राहिलं. दोन वर्षांनी कुणीतरी मला "खोटं" म्हणालं होतं.

हाताचं तिनं लगेच विचारलं. मुरगळला, असं मी सांगितलं. ती टॉवेलजवळ कान नेऊन बसली. आत बोटं हलत होती, कापड खरवडत होती.

"ह्याला बाहेर यायचंय."

"झोपेत हलतोय तो."

"न्हाय. जागा हाय." तिनं टॉवेलवरून त्याला थोपटलं. हात एकदम शांत झाला.

दुसऱ्या दिवशी सिद्धूनं मिरजेहून विचारलं, चिन्नीनं दूध घेतलं का. घेतलं, मी म्हणालो, वरून साय मागितली, मिशा आल्या पांढऱ्या. फोन ठेवला तर चिन्नी समोर उभी. "अज्जा, दूध कधी देणार?" पातेलं ओट्यावर तसंच होतं, झाकलेलं. मला त्या पांढऱ्या मिशा अजून दिसत होत्या.

मी तिला दूध दिलं. विसरतो माणूस, असं म्हणालो. पन्नाशी उलटली की होतंच.

८

तिसरा दिवस, दुपारचे साडेतीन. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. दार माझ्या डावीकडं. चिन्नी गोष्ट ऐकता ऐकता पेंगली होती. सिद्धूचा फोन आला.

"आईंना बाहेर आणलं अप्पा, सगळं नीट झालं. चिन्नी कुठं हाय?"

"झोपलीय. हळू बोल. माझ्या मांडीवर डोकं आहे तिचं."

"एवढ्या लवकर झोपली?"

"सकाळभर हुंदडत होती. आता तोंड थोडं उघडं पडलंय, डावा पैंजण गुडघ्यापर्यंत वर चढलाय. केसांना अजून शिकेकाईचा वास येतोय बघ. मघाशी झोपेत हसली."

टॉवेलच्या आत हात धडपडत होता. कोंबडं पिशवीत घातल्यावर करतं तसा. गाठ मानेला काचत होती. मी फोन खांद्यात धरला आणि उजव्या हातानं चिन्नीला थोपटू लागलो. थोपटताना सहज खाली पाहिलं.

मांडीवर उशी होती.

मी ती बघत होतो. निळ्या अभ्र्याची, सपाट, नुसती उशी. माझा उजवा हात तिला थोपटत होता. आणि माझं तोंड सांगत होतं, "कूस बदलली बघ आता. माझं बोट धरून ठेवलंय मुठीत."

"उठवू नका मग," सिद्धू म्हणाली. किती निर्धास्त आवाज होता तिचा. "मी पण जरा पडते. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"झोप बाळा."

फोन बंद झाला. मी फोन खिशात टाकला. मग, मान वळवायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही, मी डावीकडं पाहिलं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर ऊन आलं होतं. ती माझ्या समोरून, माझ्या उघड्या डोळ्यांसमोरून उठून गेली होती. ज्यानं पाहिलं, त्याला मी बांधून ठेवलं होतं.

९

गाठ मी सोडली की त्यानं तोडली, हे ठाऊक नाही. हात बाहेर आला आणि त्यानं दाराची चौकट पकडून मला बाहेर ओढलं. पायात चप्पल नव्हती.

पीरसाब मशीनवर मान खाली घालून होते. "क्या हुआ भाऊ?"

"काही नाही," माझं तोंड म्हणालं, "पाय मोकळे करतोय."

हातानं त्यांची बाही धरली.

"अरे सोडा की! अस्तर हाय हातात. पोरगी कुठं?"

"झोपलीय आत."

हात बाही सोडेना. तो त्यांना गल्लीच्या तोंडाकडं ओढत होता, घरापासून लांब. पीरसाबनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मी हसत होतो म्हणे. मग त्यांनी हाताकडं पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी मशीनवरून पाय काढला, माझं डावं मनगट धरलं आणि ते ओढेल तिकडं पळत सुटले. मी मागनं फरपटत होतो आणि दारादारात उभ्या बायकांना सांगत होतो, झोपलीय, मांडीवर झोपलीय, आता कूस बदलली.

मोठ्या रस्त्यावर एसट्या, ट्रक, रिक्षा. पलीकडच्या कडेला चार-पाच माणसं पाठमोरी उभी होती, खाली वाकून. पीरसाबनी हात वर करून गाड्या थांबवल्या आणि आम्ही पलीकडं गेलो.

माणसांच्या मधे चिन्नी उभी होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"एकटीच आली हो रस्ता ओलांडून," फुलंवाली बाई सांगत होती. "ट्रकच्या पुढनं. माझं काळीज पाण्यागत झालं. विचारलं, कुणाबरोबर आलीस, तर ऐका काय म्हणती."

"अज्जाबरोबर," चिन्नी म्हणाली. "हितंच हायत की ते. माझा हात धरलाय त्यांनी."

तिचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता. मूठ मिटलेली. मुठीतून दोन बोटं जातील एवढी पोकळी होती. मोठ्या माणसाचं बोट धरून चालणारं मूल धरतं, अगदी तसा हात. शेजारी कुणी नव्हतं. नुसती जागा होती, आणि त्या जागेत कुणी उभं राहत नव्हतं. दाटीवाटीनं उभी असलेली माणसं तेवढी जागा सोडून उभी होती.

मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आधी त्या मोकळ्या जागेत वर पाहिलं, जाऊ का असं विचारल्यासारखं. उत्तराची वाट पाहिली. मग मूठ सोडली आणि माझ्याकडं आली.

"अज्जा," ती माझा डावा हात चाचपत म्हणाली, "हा गार का पडलाय? येताना ऊन होता की."

माझ्या खिशात फोन वाजायला लागला. सिद्धूला झोप लागली नसणार. आणि तोंडात गोष्ट तयार होती. फुलंवाली, गजरा, आम्ही दोघं फिरायला आलोय, चिन्नीला मोगरा पाहिजे होता. इतकी सुरेख, की मला त्या मोगऱ्याचा वास येऊ लागला. ती गोष्ट सांगितली असती तर अजून सात दिवस घरात पायांचा आवाज राहिला असता.

मी फोन काढला आणि पीरसाबच्या हातात दिला.

"तुम्ही बोला," मी म्हणालो. "तिला येऊन पोरीला घेऊन जायला सांगा. मी बोललो तर तिला खरं वाटंल."